न वाकण्याचा सराव

आमच्या नागिउरा गावाला सिनेमात स्वतःचं नाव सोडून बाकी सगळी नावं मिळाली आहेत. एकदा आम्ही नागासाकी झालो, दोनदा लढाईपूर्वीचं कोबे झालो, आणि एकदा तर चक्क शांघाय झालो. त्या वेळी मासळीबाजारातल्या बायका आठवडाभर एकमेकींना चिनी नावांनी हाका मारत होत्या आणि गिऱ्हाइकांकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. बंदर जुनं, गल्ल्या अरुंद, आणि डागडुजी करायला तरुण माणूस शिल्लक नाही, म्हणून गाव पडद्यावर छान दिसतं.

गावात शूटिंग आणायचं काम नगर कचेरीत माझ्याकडे आहे. माझं नाव तोकिए सुगाया. रानडुकरांच्या तक्रारींचं टेबलही माझंच. दोन्ही कामांत मला फारसा फरक वाटत नाही. कुणीतरी बाहेरून येऊन शेत तुडवून जातं आणि मग मी घरोघर जाऊन माफी मागते.

सिनेमावाल्यांना गर्दी लागते, ती आम्ही पुरवतो. बाजारातली माणसं, बोटीवरची माणसं, प्रेतयात्रेतली माणसं. सगळी हौसेने येतात आणि बदल्यात सिनेमाचं नाव छापलेला एक पंचा घेऊन घरी जातात. आमच्याकडे पाहुण्याला आंघोळीला दिलेल्या पंच्यावर तलवारीने कापलेला माणूस असला तर कुणाला काही वाटत नाही.

या गर्दीतले सगळ्यात जुने आणि सगळ्यात कमनशिबी म्हणजे उजिकेकाका. वय सत्त्याहत्तर. अकरा सिनेमांत उभे राहिले, पण एकाही सिनेमात त्यांचा चेहरा दिसला नाही. दिसलं ते टक्कल.

त्याचं कारण असं, की काकांनी अडतीस वर्षं फेरीबोटीच्या धक्क्यावर नोकरी केली. बोट सुटली की धक्क्यावरच्या माणसाने वाकायचं आणि बोट दीपस्तंभाच्या पलीकडे जाईपर्यंत वर यायचं नाही, हा त्या धक्क्याचा रिवाज. दिवसाला चौदा बोटी. हिशेब तुम्हीच करा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. काकांची मेल्यावरही जाईल असं मला वाटत नाही. समोरचा वाकला की काका वाकणार, आणि समोरच्यापेक्षा चार बोटं खालीच जाणार. फोनवरसुद्धा वाकतात. एकदा पोस्टातल्या फोनवर बोलताना कपाळ काउंटरवर आपटलं आणि तीन टाके पडले.

त्यामुळे सिनेमात नायक निरोप घ्यायला वाकला की मागच्या गर्दीत काका वाकलेले. भुताच्या सिनेमात भूत समोर आलं, भूत जुन्या वळणाचं होतं, किंचित झुकलं. बाकी गर्दी किंचाळत पळाली, काकांनी मात्र भुताला रीतसर वाकून निरोप दिला. सामुरायच्या सिनेमात सरदाराची पालखी जाताना सगळ्यांनी वाकायचंच होतं, म्हणून मी निर्धास्त होते. काका इतके वाकले की शेंडीचा टोप सुटून पालखीखाली गेला आणि एका भोयाने तो पायदळी तुडवला.

सिनेमा लागला की फुसाएकाकू, म्हणजे काकांची बायको, दीड तास बसने शहरात जाऊन तो बघायच्या. परत आल्यावर एवढंच म्हणायच्या, "डोकं छान आलंय." काका हसायचे. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे, "तोकिए, पुढचा कधी गं?"

मला वाटायचं, म्हाताऱ्याची हौस, दुसरं काय. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला काका असेच आले. मी रताळ्याच्या वाफ्यात घुसलेल्या डुकरिणीचा अर्ज भरत होते. वैतागून म्हटलं, "काका, अकरा झाले की! एवढं काय अडलंय चेहरा दिसल्यावाचून?"

काका खुर्चीवर बसले. एरवी ते माझ्यासमोर बसत नाहीत.

"कियोहारु तुला आठवत नसेल," ते म्हणाले. "फुसाएचा धाकटा भाऊ. आईबाप गेले तेव्हापासून आमच्याकडेच वाढला. गोदीत वेल्डिंग करायचा. परांचीवरून पडला. परांची बांधणाऱ्यांनी गाठच नीट मारली नव्हती. तिसऱ्या दिवशी गोदीची तीन माणसं काळे सूट घालून दारात आली. दारातच गुडघे टेकले आणि फरशीला कपाळ लावलं."

"मग?"

"मग काय? मीही लावलं. त्यांच्यापेक्षा खाली. आणि तोंडातून निघून गेलं, 'एवढ्या लांबून आलात, उगाच त्रास घेतलात.'" काकांनी माझ्या टेबलावरची पेन्सिल सरळ केली. "फुसाए माझ्या मागे उभी होती. ती काही बोलली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. बेचाळीस वर्षं झाली. कुणीतरी माझ्यासमोर वाकलंय आणि मी ताठ उभा आहे, असं तिला एकदा दिसायला पाहिजे. खऱ्यात आता कोण येतंय माझ्यापुढे वाकायला? सिनेमातच येतील."

मी त्या दिवशी अर्ज अर्धवट टाकून घरी गेले. अकरा वेळा मी या माणसाला हसले होते. मला माझीच लाज वाटली.

आणि ऑगस्टात दिग्दर्शक इबुकी आला. वय पस्तीस, डोक्यावर कायम एकच टोपी, आहारात डब्यातली कॉफी. त्याच्या सिनेमाची गोष्ट अशी, की एक बोट बुडते, गावातली माणसं मरतात, आणि बोटीच्या कंपनीचा मालक माफी मागायला धक्क्यावर येतो. तो वाकतो. गाव त्याच्यासमोर ताठ उभं राहतं. कुणी वाकत नाही, कुणी बोलत नाही. आणि कॅमेरा एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर पाच सेकंद थांबतो.

मला वाटलं, टेकडीवरचा कोल्ह्यांचा देव पावला. मी इबुकीला सरळ उजिकेकाकांच्या दारात नेलं. काका अंगणात मुळे वाळत घालत होते. इबुकीने टोपी मागे सारली आणि म्हणाला, "हाच. हाच चेहरा मला हवा होता."

काका आभार मानायला वाकले.

"वर बघा ना जरा," इबुकी म्हणाला.

आपल्यामुळे त्याला सांगावं लागलं म्हणून काका पुन्हा वाकले. मी हसून वेळ मारून नेली.

आमच्या गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्षा हिरुकावाबाई. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. घरोघर फिरणाऱ्या सूचनावहीत त्यांनी कचऱ्याच्या वारांखाली लिहिलं: "येत्या रविवारी दहा वाजता सभागृहात न वाकण्याचा सराव. प्रत्येक घरातून एकाने यावे. स्वतःच्या चपला आणाव्यात."

साठ माणसं आली. हिरुकावाबाई व्यासपीठावर चढल्या, म्हणाल्या, "आपण सगळे वेळात वेळ काढून आलात," आणि वाकल्या. साठ माणसं वाकली.

"चुकलं!" बाई ओरडल्या. "सरावाला सुरुवात झाली होती!"

"आम्हाला वाटलं, हे स्वागत आहे," मागून टोफूवाला म्हणाला.

"ते माझं चुकलं, मी आधी सांगायला हवं होतं. माफ करा." बाई वाकल्या. आम्ही वाकलो. पहिली वीस मिनिटं यातच गेली. शेवटी बाईंनी पाठ करून उभं राहायचं आणि पाठमोरंच वाकायचं असं ठरलं. तेव्हा अर्ध्या लोकांना जमलं. बाकीच्या अर्ध्यांनी बाईंच्या पाठीलाही मान दिला.

काकांचा सराव मी स्वतःच्या अंगावर घेतला. रोज कचेरी सुटली की त्यांच्या घरी जायचं आणि त्यांच्यासमोर वाकायचं. पहिल्या दिवशी मी वाकले, काका वाकले. ते खाली असताना मी वर कशी येणार? मोठं माणूस. मी तशीच राहिले. मी वाकलेली असताना ते तरी वर कसे येणार? पाहुणी. आम्ही दोघं चटईकडे बघत किती वेळ राहिलो कोण जाणे. शेवटी आतून फुसाएकाकूंचा आवाज आला, "सूप गार होतंय. उठा दोघंही."

दुसऱ्या दिवशी हाडांच्या दवाखान्यातून मानेचा पट्टा आणला. काका मान ताठ ठेवून कंबरेत वाकले. तिसऱ्या दिवशी मासे धरायची कळकाची काठी पाठीला बांधली. काका वाकले, काठीचं टोक छताच्या दिव्याला लागलं आणि दिव्याची कागदी टोपी माझ्या गळ्यात आली. मी चिडले. "काका, तुम्हाला खरंच उभं राहायचंय की नाही?"

"राहायचंय गं पोरी. मन उभंच असतं. कंबरेला कोण सांगणार?"

फुसाएकाकू हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघत. हात पुसत उभ्या राहत आणि आत जात. त्यांना कारण माहीत होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. माझी छातीच झाली नाही.

सप्टेंबरच्या अखेरीला शूटिंगचा दिवस उजाडला. आभाळ स्वच्छ, भरती साडेअकराला. पाणी धक्क्याच्या कडेला आलेलं इबुकीला हवं होतं, म्हणून सगळं त्याच्या आत उरकायचं होतं. आठ वाजता साठ माणसं काळ्या कपड्यांत धक्क्यावर हजर. पुढच्या रांगेत मधोमध उजिकेकाका. एका बाजूला मंडळाच्या बायकांनी सूपचं मोठं पातेलं चढवलेलं, भाताचे मुटके वळलेले. त्या बायकांत फुसाएकाकूही होत्या. एरवी शूटिंगला त्या पाय ठेवत नसत, पण मंडळाच्या कामाची पाळी कुणाला चुकत नाही.

मालकाचं काम करणारे नट म्हणजे कुनिएदासाहेब. मोठा माणूस, साठीपुढचा, आणि दुर्दैवाने अतिशय सभ्य. गाडीतून उतरल्या उतरल्या ते गर्दीसमोर आले, "आज तुम्हा सगळ्यांना त्रास देणार आहे," म्हणाले आणि वाकले. साठ माणसं कृतार्थ होऊन वाकली. मी कपाळावर हात मारून घेतला.

"ॲक्शन!"

कुनिएदासाहेब चालत आले, थांबले, कंबरेत काटकोनात वाकले. वाऱ्याने भाताचं शेत आडवं व्हावं तशी साठ डोकी खाली गेली.

"कट! नाही वाकायचं! कुणीही नाही!"

"हो, हो, माफ करा," म्हणून साठ माणसं इबुकीसमोर वाकली.

दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. ये रे माझ्या मागल्या. चौथ्यानंतर इबुकीने टोपी काढून जमिनीवर आपटली. "तुमची माणसं मेलीत! या माणसाने मारलीत! तुम्हाला राग आलाय! कळतंय का?"

हिरुकावाबाई एक पाऊल पुढे आल्या. "राग आहेच हो दिग्दर्शकसाहेब. मला तर इतका राग आलाय की रात्रभर झोप लागणार नाही. पण तो माणूस एवढा खाली वाकलाय. राग रागाच्या जागी, रीत रीतीच्या जागी."

"अगदी बरोबर," टोफूवाला म्हणाला.

"शिवाय त्यांची कंबर दुखत असेल," कुणीतरी मागून जोडलं.

सातव्यांदा आम्ही तीन सेकंद टिकलो. मला आशा वाटली. पण शेवटच्या रांगेतला निवृत्त पोस्टमन ढेपाळला आणि त्याच्या मागोमाग सगळे. काका तर त्याच्याही आधी गेले होते. अकरा वाजत आले. इबुकीने सहायकाला बाजूला घेतलं आणि मग मला बोलावलं.

"सुगायाबाई, गर्दीचं बघू काहीतरी, पाठमोरी घेऊ. पण चेहरा मला हवाच. उद्या ओसाकाहून कसलेला नट बोलावतोय. या आजोबांना मागच्या रांगेत घ्या. तुम्हीच सांगा त्यांना, तुमचं ऐकतील."

मी काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "त्यांचं बरोबर आहे," म्हणाले आणि इबुकीच्या दिशेने वाकले. मग निमूट मागच्या रांगेकडे चालायला लागले. माणसाने इतकं शहाण्यासारखं वागू नये. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. गोदीच्या त्या तीन माणसांचा, इबुकीचा, काकांच्या कंबरेचा.

मी इबुकीसमोर गेले आणि धक्क्याच्या ओल्या दगडावर गुडघे टेकले, कपाळ टेकलं. "फक्त एकदा. शेवटचं. काकांना पुढेच ठेवा."

इबुकी तोक्योचा, डब्यातली कॉफी पिणारा, नव्या पिढीचा. पण समोर बाई दगडावर कपाळ लावून बसल्यावर तो काय करणार? तोही घाईघाईने वाकला. "अहो, अहो, उठा! बरं! एकदा! उठा आधी!" त्याच्या टोपीला दगडावरचे मासळीचे खवले लागले होते, तशीच ती त्याने परत डोक्यावर घातली.

मी उठले तेव्हा फुसाएकाकूंनी पळी पातेल्यात ठेवली होती. त्यांनी ॲप्रन सोडला, घडी केली, शेजारणीच्या हातात दिला. मग गर्दीला वळसा घालून, तारांवरून पाय उचलत, त्या कॅमेऱ्यापाशी गेल्या आणि बरोब्बर त्याच्या बाजूला उभ्या राहिल्या.

"आजी, इथे उभं राहता येणार नाही," सहायक म्हणाला.

"राहिले की," काकू म्हणाल्या.

भरतीला दहा मिनिटं होती. इबुकीने हात हलवला, राहू दे. काका पुढच्या रांगेत परत आले, मान वर केली, आणि त्यांना बायको दिसली. कुणी दारात वाकायला आलं की ती त्यांच्या मागे असायची. आज ती समोर होती. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. काका जरा गोंधळले. मग त्यांनी हात मांडीशी नीट लावले.

"ॲक्शन!"

कुनिएदासाहेब आले, थांबले, वाकले. आणि मागची साठ डोकी, सराव, सूचनावही, हिरुकावाबाई सगळं धाब्यावर बसवून, एकदम खाली गेली. मीसुद्धा गेले, खोटं कशाला सांगू? पण खाली जाता जाता मी बाजूने बघितलं. काका उभे होते.

हनुवटी थरथरत होती. कंबर पुढे यायला बघत होती, हे मला कपड्यावरूनसुद्धा दिसत होतं. सदऱ्याचं टोक हलत होतं. डोळे मात्र काकूंवर होते. काका उभे होते.

आता झालं असं, की समोरच्याने मान दिल्याशिवाय वाकलेल्याने वर यायचं नसतं. कुनिएदासाहेब सभ्य. ते वाट बघत राहिले. काका वाकेनात. त्यामुळे साहेब वर येईनात. साहेब वर येईनात म्हणून मागची साठ माणसं वर येईनात. इबुकीने कट म्हणायचं, पण तो तोंड उघडं टाकून बघत होता. एक मिनिट गेलं असेल. पाणी धक्क्याच्या कडेला चुबुक चुबुक करत होतं. टोफूवाल्याची पाठ कटकन वाजली. कुनिएदासाहेबांच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब पडला, आणि ते खालूनच, पटकथेत नसलेलं वाक्य बोलले, "मला क्षमा करा."

काका म्हणाले, "कियोहारु तेवीस वर्षांचा होता."

एवढंच. मोठ्याने नाही, कुणाला हवामान सांगावं तसं.

"कट," इबुकी म्हणाला. मग तो छोट्या पडद्यावर ते पुन्हा बघायला लागला. साठ वाकलेली माणसं आणि मधे एकटा ताठ म्हातारा. "असंच ठेवतो," तो स्वतःशीच म्हणत होता. "असंच. मला सुचलंच नसतं."

काका मात्र तिथे थांबलेच नाहीत. कट ऐकताच ते धावत कुनिएदासाहेबांकडे गेले आणि "मघाशी फार उद्धटपणा झाला, तुमच्या कंबरेला त्रास झाला," म्हणत वाकले. साहेब म्हणाले, "छे छे, उपकार झाले," आणि वाकले. काका आणखी खाली. साहेब आणखी खाली. सूप वाढून झालं, मुटके संपले, ओहोटी लागली, तरी दोघं तिथेच होते. शेवटी साहेबांच्या सहायिकेने त्यांना दंडाला धरून गाडीत घातलं. गाडी सुटली तेव्हा काका दीपस्तंभाच्या वळणापर्यंत वाकून होते.

काकू त्या दिवशीही काही बोलल्या नाहीत. ॲप्रन बांधला आणि पातेलं घासायला घेतलं. मी काकांना विचारलं, "त्यांनी पाहिलं ना तुम्हाला?"

"कॅमेरा चालवणाऱ्या बाईने एक मोठा दिवा मधेच आणून ठेवला होता," काका म्हणाले. "मला ती दिसत होती. तिला मी किती दिसलो, काय माहीत. सिनेमात कळेल. कापलं नाही तर."

कापलं नाही. एप्रिलमध्ये इबुकीने सिनेमा गावात आणला. गावात थिएटर नाही, म्हणून रविवारी दुपारी सभागृहात पडदे ओढून पांढरी चादर ताणली. दोनशे माणसं चटयांवर आणि खुर्च्यांवर. पहिल्या रांगेत उजिकेकाका आणि काकू. काकांनी लग्नातला कोट घातला होता, त्याला कापराचा वास येत होता. मी दाराशी उभी होते. सिनेमात आम्ही क्यूशूमधलं कुठलंसं बेट होतो.

तो प्रसंग आला. त्याचा पहिला तुकडा दुसऱ्या दिवशी गावाच्या बाजूने कॅमेरा लावून घेतलेला होता, म्हणजे कुनिएदासाहेब सरळ आमच्याकडे चालत आले. चादरीवर दोन माणसांएवढे मोठे. थांबले. आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. आणि काटकोनात वाकले.

सभागृहातली दोनशे माणसं वाकली. काहीतरी खुळ्यासारखं होत होतं, ते मला कळत होतं, आणि तरी मी दाराला धरून वाकलेच. एवढा मोठा माणूस एवढा वाकलाय! कुणाच्या पिशवीतून संत्रं निसटून घरंगळत गेलं. वर चादरीवर कट होऊन चेहरा आला असणार, कारण सभागृहात उजेड वाढला. कुणी बघत नव्हतं. मग अंधारात काकांचा आवाज आला, कियोहारु तेवीस वर्षांचा होता, आणि ते ऐकल्यावर तर कुणाचं डोकं वर येणं शक्यच नव्हतं. हिरुकावाबाई मुसमुसून रडत होत्या, गुडघ्यात तोंड घालून.

मी शेवटी मान तिरकी करून पाहिलं. पहिल्या रांगेत उजिकेकाकाही वाकले होते. त्यांचं कपाळ गुडघ्याला टेकलं होतं. सबंध सभागृहात एकच डोकं वर होतं. फुसाएकाकू हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या, चादरीचा उजेड तोंडावर घेऊन. इबुकी पाच सेकंद म्हणाला होता. पाच सेकंद नव्हते ते. मी वीसपर्यंत मोजलं.

मग चित्र बदललं, समुद्र आला, आणि माणसं हळूहळू वर आली. "आला का चेहरा?" टोफूवाला शेजाऱ्याला विचारत होता. "मी पाहिलाच नाही." "मीही नाही." सगळ्या सभागृहात हीच कुजबुज. काकांनी मान वर केली, चादरीवरच्या समुद्राकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"गेलं वाटतं," ते काकूंना म्हणाले. "अगं, आलो होतो का मी?"

काकूंनी काकांच्या कोटाची कॉलर एका बाजूला मुडपली होती ती सरळ केली.

"आलात," त्या म्हणाल्या. "किती वर्षं लावलीत."